मासाम्बाच्या बाजूचा टवका

मी जुनी आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे तुम्ही माझ्या टवक्यांकडे चोरून बघत बसणार नाही, सरळ बघाल. मी परात आहे. इनॅमलची, मोठी, घरचं सगळं माणूस भोवती बसून जेवेल एवढी. माझ्या तळाशी लाल तुऱ्याचा एक कोंबडा रंगवलेला आहे. जेवण संपल्याशिवाय तो कोणाला दिसत नाही. म्हणून लहान मुलांना तो फार आवडतो आणि मोठ्यांना फारसा आवडत नाही, कारण कोंबडा दिसला की भात संपला.

मित्रांनो, माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. ते माझ्या बुडावर छापलेलं होतं. पण दाकार शहराजवळच्या थिएस गावातल्या माझ्या मालकिणीने, सोखनाने, लग्नापासून आजवर मला वाळूने इतकं घासलं की माझा जन्मदाखलाच निघून गेला. तिच्या आईने तिला लग्नात परातींची एक अख्खी उतरंड दिली होती. बाकीच्या परातींवर गुलाब होते. त्या शोभेसाठी कपाटावर चढल्या आणि अजून तिथेच आहेत. एकीलाही भाताचा वास माहीत नाही. माझ्यावर कोंबडा होता, मी कामाला लागले.

सोखनाचा नवरा मासाम्बा न्दियाय रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. मी माणसांना तोंडावरून ओळखत नाही. मला तोंडं खालून दिसतात, आणि खालून सगळी माणसं हनुवटी आणि नाकपुड्यांचीच असतात. मी हात ओळखते. मासाम्बाच्या उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा पांढरा डाग आहे. तो हात रोज दुपारी माझ्या एकाच बाजूला यायचा. त्या बाजूला काठावर एक मोठा टवका उडाला आहे. मासाम्बाला बढती मिळाल्याची बातमी आली तेव्हा त्याने आनंदाने पळी घेऊन माझ्यावर ताल धरला होता, त्याची ती खूण. बढती पुढे रद्द झाली. टवका राहिला.

माझं काम सोपं होतं. दुपारी सोखना माझ्यात कणीचा भात पसरायची, मधोमध मासळी, गाजर, कोबी, वांगं, कसावा कंदाचे तुकडे. मग सगळे भोवती बसायचे आणि जो तो आपल्या समोरचं खायचा. दुसऱ्याच्या समोरचं खाणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं. मधली मासळी सोखना बोटांनी मोडायची आणि ज्याच्या त्याच्या बाजूला सरकवायची. कोणावर तिचा राग आहे आणि कोणावर माया, हे मला रोज आधी कळायचं. मासाम्बाच्या टवक्यापाशी माशाचा गालाकडचा भाग जायचा. भांडण झालेलं असलं तर शेपटी.

अशी बरीच वर्षं गेली. गाड्या बंद झाल्या, मासाम्बा निवृत्त झाला, केस पांढरे झाले. भात तेवढाच राहिला.

मग तो सारखं पाणी पिऊ लागला. पाण्याने भागेना म्हणून अंबाडीच्या फुलांचं लाल सरबत पिऊ लागला, चांगलं गोड करून. जेवता जेवता पेंगू लागला. एकदा तर त्याचा हात भाताचा घास धरून माझ्या काठावरच झोपला. सोखनाने त्याला आरोग्य केंद्रात नेलं आणि तो मधुमेह घेऊन परत आला. म्हणजे मधुमेह त्याच्याजवळ आधीपासून होता. त्या दिवशी फक्त त्याची ओळख करून दिली गेली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. भात कमी करा, सरबत सोडा, जेवण झाल्यावर चाला, पायाला जपा, आणि मंगळवारी केंद्रात मधुमेहवाल्यांची बैठक असते तिला या, असं सांगितलं. मासाम्बाने गोळ्या उशीखाली ठेवल्या आणि बैठकीला जायचं नाही असं ठरवून टाकलं. म्हणाला, "आजाऱ्यांच्यात बसून आजार वाढतो."

त्यानंतर घरात माणसांची रीघ लागली. मित्रांनो, मी अंगणात पालथी वाळत पडले होते, त्यामुळे मला सगळं ऐकावं लागलं. जो येईल त्याच्याजवळ औषध. कोणी झाडाची साल आणली, कोणी मंतरलेलं पाणी. एक काका सांगत होते की त्यांच्या मेव्हण्याने कडू पाल्याचा रस घेऊन मधुमेह पार पळवून लावला.

"मग आता कसे आहेत ते?" सोखनाने विचारलं.

"वारला बिचारा. पण मधुमेहाने नाही हं. मूत्रपिंडाने."

सगळे सहानुभूती दाखवायला यायचे, आणि सहानुभूती दाखवताना माणसाला चहा लागतो. दर वेळी गोड चहाची किटली चढायची आणि मासाम्बाही पाहुण्यांना सोबत म्हणून प्यायचा. त्याला धीर द्यायला आलेल्या माणसांनी त्याला जेवढी साखर पाजली, तेवढी तो एकटा असताना प्यायला नसता.

त्याची मुलगी मारेम दाकारमध्ये नोकरीला होती. ती रजा काढून आली. बापावर तिचा फार जीव. तिने साल आणि पाला उचलून टाकून दिला, ते चांगलं केलं. मग तिने बाजारातून एक पांढरं ताट आणलं. वाटीने मोजून भात, बाजूला उकडलेली भाजी, अर्धा मासा. ते ताट टेबलावर मांडलं आणि टेबलापाशी खुर्ची.

"बाबा, आजपासून तुमचं जेवण इथं."

मासाम्बा उठला. खुर्चीवर जाऊन बसला. आम्ही सगळे खाली चटईवर, तो वर, एकटा, हातात काटा. जेवताना सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. माझ्या टवक्यापाशी जागा रिकामी राहिली. आधी कोणी तिथे हात घालेना. मग हळूहळू नातवंडं त्या बाजूला सरकली. मुलांचं तसंच असतं, त्यांना दोष नाही. पण मला ओझं कमी झाल्यासारखं वाटायच्या ऐवजी कलल्यासारखं वाटू लागलं.

ताटातलं जेमतेम निम्मं खाऊन मासाम्बा उठायचा. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," म्हणायचा आणि बाहेर पडायचा. मारेम खूश. सोखना खूश. गल्लीतले लोकसुद्धा म्हणायचे, न्दियायने किती मनावर घेतलंय बघा.

मित्रांनो, हे सगळं भर दुपारी व्हायचं. आमच्या गावात भर दुपारी दार उघडं ठेवून जेवतात, आणि दारावरून जाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय पहिला घास गिळत नाहीत. "या, जेवा!" अशी हाक आली की निदान चार घास खाल्ल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे त्या घराचा अपमान. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण कुठल्या वेळी चालू नये ते सांगितलं नाही. डॉक्टर याच गावचे असते तर त्यांनी सांगितलं असतं. मासाम्बा रोज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा आणि कोणाचाही अपमान करायचा नाही.

हे मला कसं कळलं ते सांगते. शेजारी बारसं होतं, आणि बारशाला गल्लीतल्या सगळ्या पराती उसन्या जातात. मीही गेले. माझ्यात बकऱ्याचा रस्सा आणि भात वाढला गेला, आणि पाहुण्यांच्या एका घोळक्यात मला ठेवलं. परके हात भोवती पडले. आणि त्यांच्यामध्ये एक अंगठा आला, पांढऱ्या डागाचा.

तो नेमका टवक्यासमोर बसला होता. मुद्दाम नव्हे, जागा तिथे होती. त्याने हात पुढे केला आणि टवका पाहिला. हात थबकला. आपल्या घरात जिच्यापासून त्याला उठवलं होतं, ती परात परक्या अंगणात त्याच्यापुढे येऊन बसली होती. बाकीचे जेवत होते. कोणीतरी म्हणालं, "काका, घ्या ना, गार होतंय." मग हात खाली आला आणि भराभरा खाऊ लागला. भूक लागलेला माणूस असा खात नाही.

मी परात आहे. मला बोलता येत नाही. बोलता आलं असतं तरी काय बोलले असते कोणास ठाऊक. भात वाढणं हेच माझं काम.

पुढच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली. मारेमने दाकारहून फोन करून ताटातला भात आणखी कमी करायला लावला. मासाम्बाने आणखी दोन दारं चालण्यात धरली. मग एका दुपारी तो परत आला तेव्हा सोखना मला घासत होती. चटईवर तिला रक्ताचे ठिपके दिसले. मासाम्बाच्या टाचेला चपलेने मोठा फोड आला होता आणि तो फुटला होता.

"अहो, हे काय? दुखत नाही का तुम्हाला?"

"कुठे काय?" मासाम्बा म्हणाला. त्याला खरंच काही कळलं नव्हतं. पाय त्याचा होता आणि बातमी बायकोने सांगितली.

केंद्रातल्या रोकाया सिस्टरने जखम धुऊन पट्टी केली आणि स्वच्छ सांगितलं की असंच चालू राहिलं तर पाय राहील याची खात्री नाही.  त्या रात्री माझ्यातला भात कोणालाच गेला नाही. मारेम पुन्हा दाकारहून धावत आली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी दारात माकोदू दियोप उभा राहिला.

माकोदू गल्लीच्या त्या टोकाचा. रेल्वे होती तेव्हा स्टेशनात गाड्या पुकारायचा. गाड्या गेल्या, आवाज गेला नाही. आणि तो दियोप. आमच्याकडे दियोप आणि न्दियाय या दोन आडनावांची थट्टेची भावकी आहे. दियोपने न्दियायला भातखाऊ म्हणायचं, न्दियायने दियोपला आपला गडी म्हणायचं, भर बाजारात, भर लग्नात, कुठेही. रागवायचं नाही. जो रागावला तो हरला.

"सलाम, भातखाऊ!" माकोदूने दारातूनच पुकारा केला.

"ये, गड्या," मासाम्बा खुर्चीवरून थकल्या आवाजात म्हणाला. "मालकाच्या घरात येतोस, पाय पुसून ये."

"पायाचीच चौकशी करायला आलोय. दाखव पट्टी. हां. छान. सोखनावहिनी, तुम्हाला माहितीये का, हा मंगळवारी माझ्या घरी जेवून गेला? मी बैठकीला गेलेलो, नाहीतर अडवलं असतं; बायकोने याला हाक मारली. त्याआधी शिंप्याकडे जेवला होता. त्याआधी इमामसाहेबांच्या भावाकडे. अख्ख्या गल्लीची चव घेतो हा. एवढं तर कर गोळा करणारासुद्धा फिरत नाही!"

सोखनाने तोंडाला पदर लावला. हसू येत होतं की रडू, ते मला खालून दिसलं नाही.

मारेम मध्ये पडली. "काका, बाबांना लागेल असं बोलू नका. त्यांच्या भल्यासाठीच वेगळं ताट केलंय."

"पोरी, तुझं मन चांगलं आहे आणि ताटही झकास आहे. पण तू बापाला वाढतेस की शाळेत कोपऱ्यात उभं करतेस? बघ जरा त्याच्याकडे."

सगळ्यांनी बघितलं. मासाम्बाने काटा खाली ठेवला.

"मी मेलोय आणि मला अजून कोणी सांगितलं नाही, असं वाटतं इथं बसून," तो म्हणाला. "तुम्ही सगळे खाली हसता, बोलता. मला कोणी मासा मोडून देत नाही. बाहेर गेलं की निदान कोणीतरी म्हणतं, या, जेवा."

 मग माकोदू चटईवर बसला आणि त्याने उजवा बूट काढला. मोजा काढला. त्या पायाला दोन बोटं नव्हती.

"ही कुठे गेली माहितीये?"

"रेल्वेत," मासाम्बा म्हणाला. "सगळ्या गावाला माहितीये. डब्याखाली आली."

"सगळ्या गावाला मीच सांगितलंय तसं. रेल्वे बिचारी, तिने काही केलं नाही. साखरेने गेली, आणि लाजेने गेली. लोकांना कळू नये म्हणून मी गोळ्या घेतच नव्हतो. तुला हे आज सांगतोय, कारण तू माझा भातखाऊ आहेस. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर त्याने माझी कीव केली असती. तू काय करशील?"

मासाम्बाने खाली वाकून तो पाय नीट बघितला. मग म्हणाला, "तरीच तू माझ्याकडे कामाला आल्यापासून हळू चालतोस."

माकोदू एवढा मोठ्याने हसला की मी मांडलेली होते ती चटई हादरली. आणि मासाम्बाही हसला. त्याचं ते हसणं मी बऱ्याच काळाने ऐकलं.

मग व्यवस्था ठरली. मासाम्बा खुर्चीवरून उतरला आणि आपल्या टवक्यापाशी येऊन बसला. माकोदू त्याच्या शेजारी. सोखनाने मासाम्बाच्या बाजूला कोबी, वांगं आणि अंबाडीचा पाला ढीगभर घातला आणि भाताचा फक्त पातळ थर दिला, इतका पातळ की खालचा कोंबड्याचा तुरा आरंभालाच दिसू लागला. ते पाहून नातवंडं धावत त्या बाजूला आली. सोखनाने माशाचा गाल मोडला आणि टवक्यापाशी सरकवला.

"आणि हा दुसऱ्याच्या बाजूला हात घालायला लागला तर?" मारेमने विचारलं. मुलगी हिशेबी होती.

"तर मी आहे ना," माकोदू म्हणाला. "दियोपने मारलेल्या थपडीचा न्दियायला राग येत नाही. येऊच शकत नाही, तसा नियमच आहे."

त्या दुपारी आठवड्याभराच्या थपडा एकदम पडल्या. मासाम्बाचा हात टवक्याची हद्द ओलांडून भाताच्या ढिगाकडे गेला की चट्ट. "भातखाऊ, मागे!" "गड्या, मालकावर हात उचलतोस?" पुन्हा चट्ट. डॉक्टरांचं ऐकताना मासाम्बाला ओशाळं व्हायचं, मुलीचं ऐकताना म्हातारं झाल्यासारखं वाटायचं. माकोदूचं ऐकताना त्याला फक्त न्दियाय झाल्यासारखं वाटायचं, आणि न्दियाय तर तो जन्मापासून होताच. मारेमने ते पांढरं ताट धुतलं आणि कपाटावर गुलाबवाल्यांच्या शेजारी ठेवून दिलं. दाकारला जायच्या आधी ती माकोदूला दारापर्यंत सोडायला गेली. काय बोलली ते मला माहीत नाही, पण परत आली तेव्हा नाक पुसत होती.

रोज जेवून दोघे एकत्र चालायला जायचे, आणि चालायची वेळ बदलली. सगळी दारं जेवून बंद झाल्यावर. मंगळवारी माकोदू मासाम्बाला बैठकीला घेऊन गेला. केंद्राच्या अंगणात कडुनिंबाखाली मधुमेहवाली मंडळी बाकांवर बसायची आणि रोकाया सिस्टर भिंतीवरचं एक मोठं चित्र दाखवायची. चित्रात पांढरं ताट, त्याचे तीन भाग, बाजूला सुरी आणि काटा.

"सिस्टर," मासाम्बा पहिल्याच दिवशी म्हणाला, "या चित्रातल्या माणसाला घरी कोणी नाही का?"

मंडळी हसली. रोकाया सिस्टरने चित्राकडे असं बघितलं की जणू पहिल्यांदाच बघतेय. मग म्हणाली, "बरं काका. तुमच्या घरची परात आणा. मी त्यातच दाखवते."

तेव्हापासून मंगळवारी मीही जाते. मासाम्बा मला काखेत धरून नेतो आणि वाटेत भेटणाऱ्याला सांगतो की आज दवाखान्यात परातीची तपासणी आहे. सिस्टर माझ्यात भाजी, मासा, भात मांडून दाखवते. कोणाला कुठे बसवायचं, कोण कोणाची हद्द राखणार, सून की भाऊ की थट्टेचा भाऊबंद, ते मंडळी आपसात ठरवतात. तिथे ज्याला त्याला विचारतात, "तुझ्या परातीत तुझ्या शेजारी कोण बसतं?" ज्याच्याजवळ उत्तर नसतं, त्याला माकोदू म्हणायचा, "मग मी येतो." तो खरंच जायचा.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका, मित्रांनो. साखर कधी खाली यायची, कधी सणाच्या बकऱ्याबरोबर वर चढायची. मासाम्बा अधूनमधून रुसायचा. भाजीला नावं ठेवायचा. टाच बरी व्हायला फार वेळ लागला, पण बरी झाली. रोज रोज तेच करायचं आणि ते कधी संपायचं नाही, याचा जो कंटाळा असतो, तो मी समजू शकते. मी रोज घासली जाते आणि रोज खरकटी होते.

मग माकोदू गेला. मधुमेहाने नाही, छातीच्या दुखण्याने, झोपेत. त्याच्या घरी माणसं जमली, आणि मयताच्या घरीही गल्लीतल्या सगळ्या पराती उसन्या जातात. मीही गेले. सगळे गप्प बसले होते. मासाम्बा आत आला, उभा राहिला आणि माकोदूच्या विधवेला म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका. आता तांदूळ स्वस्त होईल. दियोपांमधला सर्वांत मोठा खादाड गेला."

ती विधवा पदराआड हसली, आणि मग तिला जे रडू आलं ते थांबेचना. सगळ्या घराचंच तसं झालं. न्दियायने तिथे जे बोलायचं असतं तेच तो बोलला होता. फक्त आवाज त्याचा नेहमीचा नव्हता.

मग जेवणं वाढली. माझ्यात भाताचा डोंगर घातला होता, वर मटण, भाजी नावाला. परक्या घरी सोखना नव्हती, मारेम नव्हती. मासाम्बा टवक्यासमोर बसला. या खेपेला मुद्दाम. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. कोणीतरी तिथे बसायला आलं, मासाम्बाने त्याला हाताने थांबवलं.

पांढऱ्या डागाचा अंगठा खाली आला. काही घास खाल्ले. मग हात भाताच्या डोंगराकडे निघाला, टवका ओलांडून पुढे गेला. थपड पडली नाही. पडणार कुठून? तो हात तिथेच हवेत थांबला. मी वाट बघत होते. आणि मग मासाम्बाने डाव्या हाताने आपल्याच उजव्या हातावर एक थपड मारली. चट्ट. हलकीच, पण आवाज आला.

"मागे, भातखाऊ," तो स्वतःशीच पुटपुटला आणि उठला.

मित्रांनो, माझं आता वय झालं. बुडाला गंज धरलाय आणि टवके इतके झालेत की मासाम्बाचा कुठला ते अनोळखी माणसाला सांगता येणार नाही. पण पुढच्या मंगळवारी मी पुन्हा जाईन. बैठकीला नवी बाई आली आहे, दियोप आहे, शाळेत मास्तरीण होती. घरच्यांनी तिला वेगळं ताट दिलंय आणि ती कोणाशी बोलत नाही. मासाम्बाने तिला आल्या आल्या विचारलं, "काय हो गडीण, मालकाला सलाम नाही?" तिने डोळे वटारून बघितलं. फार दिवसांनी तिच्याशी कोणीतरी डोळे वटारण्यासारखं काहीतरी बोललं होतं.

तुमच्या घरी कोणाला हा आजार झाला तर साल, पाला घेऊन धावू नका. डॉक्टरांचं ऐका, गोळ्या वेळेवर द्या, पाय रोज बघा. भात कमी करा. पण माणसाला परातीवरून उठवू नका. त्याच्या बाजूला भाजी जास्त घाला, मासा मोडून द्या, आणि त्याच्या शेजारी असं कोणीतरी बसवा ज्याच्या थपडीचा त्याला राग येणार नाही. आणि जेवण झाल्यावर मला जरा हळू घासा. वाळू थोडी कमी लावा. कोंबड्याचा तुरा अजून दिसतोय, तेवढा राहू द्या.